गाळपेर

सकाळी सातला मी पट्टी वाचतो.
भिंतीच्या डाव्या अंगाला, पायऱ्यांशी,
आकड्यांवर रात्रीतून शेवाळ चढलेलं.
दातांच्या जुन्या ब्रशने ते घासायचं,
मग वही, मग साहेबांना फोन:
इतके दलघफू, इतके टक्के, विसर्ग निरंक.
दुपारपर्यंत तोच आकडा
नाशिकभर टपऱ्यांवर फिरतो,
चहासोबत, कुणाकुणाच्या रागासोबत.

ठकूबाई लिलके टक्के विचारत नाही.
ती विचारते, "भाऊ, चिच कुठवर आली?"

चिंच म्हणजे चिंचेचं खोड.
ती लग्न होऊन आली तेव्हा त्याला सावली होती.
दुसऱ्या वर्षी पाणी आलं.
आता काळं, लोखंडासारखं.
त्याच्यावर पाणकावळा पंख वाळवत बसला
की समजायचं, वरचा बांध उघडा पडला.
वहीत याला रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीने लिहितो:
चिंच, कमरेएवढी.

दर कार्तिकात ती शाखा कार्यालयात येते.
बुडीत क्षेत्र, गाळपेरीसाठी, पाणी येईपर्यंत.
पैसे पदराच्या गाठीत, फोटो गेल्या वर्षीचाच.
नव्या कारकुनाने अर्ज वाचता वाचता विचारलं,
"आजी, या जमिनीशी तुमचा संबंध?"
ती जरा थांबली.
"लिही," म्हणाली, "वळख हाये."

मोबदल्यात सासऱ्याने बैलजोडी घेतली होती.
बैल कधीच गेले.
शेत तेवढं दर वर्षी परत येतं,
चार महिन्यांसाठी, माहेरवाशिणीसारखं,
आणि पावती मागतं.

परवाच्या साली वरून आदेश निघाला,
पैठणकडे पाणी सोडा.
धरणावर माणूस मावेना.
द्राक्षवाले आले, नगरसेवक आले,
पोलिसांच्या गाड्या, वडापाव, कर्णे.
"एक थेंब जाऊ देणार नाही!"
गर्दीच्या शेवटाला ठकूबाई,
काखेत हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी.
कुणीतरी तिच्याही हातात काळी फीत दिली.
तिने ती उलटसुलट पाहिली
आणि पिशवीचं तोंड बांधलं.

मला पाहून जवळ आली, हळूच म्हणाली,
"किती सोडणार?"
मी आकडा सांगितला.
ओठ हलवत तिने काहीतरी मोजलं.
"म्हंजे विहिरीपोतर."
मग इकडेतिकडे बघून, अगदी खालच्या आवाजात,
"जरा जास्त न्हाई का व्हायचं?"

सबंध तालुक्यात हे विचारणारी ती एकटी.
मी कुणाला बोललो नाही.
आज बोलतोय.

रात्री भोंगा झाला, तीनदा.
दारं वर गेली आणि भिंत पायाखाली थरथरली.
सोमेश्वर, रामकुंड,
पहाटे दुतोंड्या मारुतीचे घोटे भिजले
आणि पुलावरची पोरं मोबाइल काढून उभी राहिली.
इकडे पाणी मागे सरत होतं,
मागे ओल्या गाळावर
धुतलेल्या पातळाच्या चुण्यांसारख्या रेघा.

चौथ्या दिवशी मी सहालाच खाली उतरलो.
ठकूबाई पोटरीभर गाळात,
पायांनी बांध चाचपत चालली होती.
कोपरा सापडला की थांबायची,
काठी रोवायची.
चिंच पूर्ण उघडी.

तिच्या टाचेला काहीतरी गोल लागलं.
उपसून काढलं, पदराने पुसलं. नारळ.
श्रावणात धरण भरलं तेव्हाचा,
जलपूजनाचा; मंत्री आले होते, बँड होता,
साडीचोळी होती.
"साडी दर साली त्या बाभळीच्या खुंटाला लागते," ती म्हणाली,
"नारळ माझ्या बांधाला."

खोडावर आपटून फोडला.
आत पाणी होतं अजून, आंबलेलं.
दोघांनी चाखलं, दोघांनी थुंकलं,
आणि ती इतकी हसली
की पाणकावळा उडाला.

मग तिने काळ्या फितीची गाठ सोडली,
मूठ भरली, वाकली.
मी पायऱ्यांकडे निघालो.
सात वाजत आले होते.
पट्टी वाचायची होती.